भरतीची चाचणी ‘फेल’ ठरवण्याआधी या चुका टाळा

कुपवाड एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या एचआर साहेबांनी माझ्यापुढं एक्सेल शीट सरकवली. भरतीवेळचे अभिक्षमता चाचणीचे (म्हणजे काम शिकायची कुवत मोजणाऱ्या परीक्षेचे) मार्क आणि वर्षभरानंतर सुपरवायझरनं दिलेलं रेटिंग. माणसं 22. मार्क आणि रेटिंग किती जोडीनं वर-खाली होतात ते सांगणारा सहसंबंध (0 म्हणजे काहीच नातं नाही, 1 म्हणजे तंतोतंत) फक्त 0.1.

“सर, करू का बंद ही चाचणी?”

“ज्यांना घेतलं नाही, त्यांचे मार्क कुठायत?”

“ते आता कशाला?”

इथंच घोळ होतो. वरचे मार्क पडलेलेच आत आले. मग त्यांच्यातल्या त्यांच्यात फरक उरणार किती? एकाच वजनगटातले मल्ल आखाड्यात सोडायचे आणि वर म्हणायचं, कुस्तीत वजनाला काही अर्थ नाही. सांगलीत हे कोण ऐकून घेईल?

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी हवाई दलानं हे तपासून पाहिलं. चाचणीचा निकाल काहीही असो, 1,036 उमेदवारांना वैमानिक प्रशिक्षणाला घेतलं. प्रशिक्षणातल्या यशाशी एकत्रित गुणांचा सहसंबंध निघाला 0.64. कडक निकष लावला असता तर त्यातले 136 जणच निवडले गेले असते. नुसत्या त्या 136 जणांत तोच आकडा 0.18. चाचणी तीच, फक्त माणसं गाळलेली.

म्हणून नाकारलेल्यांचेही मार्क जपून ठेवा. सगळ्या अर्जदारांच्या मार्कांचं प्रमाण विचलन (मार्क किती विखुरलेत त्याचं माप) हाताशी असेल तर सहसंबंधाची सूत्रानं दुरुस्ती करता येते. पण हात राखून. बौद्धिक क्षमतेच्या चाचण्यांचा कामगिरीशी सहसंबंध 1998 च्या गाजलेल्या आढाव्यात 0.51 होता, 2022 मध्ये अशा दुरुस्त्यांचाच फेरविचार झाला आणि तो 0.31 वर आला.

बरं, 22 माणसांवर निकाल लावायचाच कशाला? एवढ्या नमुन्यात 0.1 मिळाला, तर खरा आकडा उणे 0.3 पासून 0.5 पर्यंत कुठंही असू शकतो.

रेटिंगचीही झाडाझडती घ्या. “हा पोरगा टेस्टात पहिला” हे सुपरवायझरच्या कानावर आधीच गेलं असेल, तर रेटिंग चढतं आणि चाचणीला फुकटचं श्रेय मिळतं. शिवाय ते रेटिंग नेमकं कशाचं? बरेचदा ओव्हरटाइमला नाही न म्हणण्याचं! त्यापेक्षा रिजेक्ट झालेले जॉब (कामगारानं बनवलेले, पण बाद ठरलेले नग) आणि गैरहजेरी मोजा.

साहेबांना पटलं. लगेच फायली मागवल्या. नाकारलेल्यांचे पेपर दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत गेले होते.