पावसाळ्यात चूल धुमसते तेव्हा

आषाढात न्हाणीतली चूल धुमसत राहते आणि पेटत मात्र नाही. अशा वेळी दोष काडेपेटीचा क्वचितच असतो.

मुळात ज्वाला लाकडाला लागत नाही. लाकूड अडीचशे अंशांच्या आसपास तापलं की त्यातून वायू सुटतात आणि पेटतात ते हे वायू. मागे उरतो तो कोळसा. त्याला हवा मिळाली की निखारा होतो. ओलं लाकूड आतलं पाणी जाईपर्यंत शंभर अंशांपुढे फारसं तापत नाही. एक किलो पाणी तापवून त्याची वाफ करायला सुमारे 2,500 किलोज्यूल लागतात. सुकं लाकूड किलोमागे त्याच्या सातपट उष्णता देतं, म्हणजे हिशेबाने उष्णता पुरते. पण वाफेने ज्वाला थंड पडते आणि वायू न जळताच वर जातात. डोळ्यांत जातो तो धूर म्हणजे हेच वाया गेलेलं जळण.

म्हणून आधी लहान पण कडक आग करावी. ओली राख काढून तळाला बोटभर सुकी राख ठेवा. मनगटाएवढी दोन लाकडं वीतभर अंतरावर समांतर मांडा. मध्ये सुक्या झावळीची मूठभर पाती आणि पिंजलेलं सोडण, म्हणजे नारळाचं वरचं तंतुमय साल, घाला. सोडण अख्खं ठेवलं तर नुसतं धुमसतं, कारण आतवर हवा पोचत नाही. त्यावर अंगठ्याहून बारीक आठ-दहा ढलप्या आडव्या-उभ्या रचा, मध्ये बोटभर फटी सोडा. काडी खालून लावा. ढलप्या धडधडल्या की दोन-तीन करवंट्या, आणि त्या पेटल्यावरच मोठं लाकूड. एकटं लाकूड विझतं. समोरासमोरची दोन एकमेकांना तापवत ठेवतात.

फुंकणी निखाऱ्याच्या बुडाशी धरून लांब, संथ फुंका. नुकत्या लागलेल्या ज्योतीवर फुंकलं तर पेटते वायू उडून जातात आणि ती विझते.

काजूबियांची टरफलं घरातल्या चुलीत घालू नका. त्यांतल्या तेलाचा धूर डोळे आणि घसा जाळतो. किनाऱ्यावर वाहून आलेलं लाकूडही नको, त्यात मीठ मुरलेलं असतं. गरम निखाऱ्यांवर रॉकेल ओतणं सर्वांत वाईट: त्याची वाफ होऊन एकदम भडका उडतो आणि आग थेट हातापर्यंत येते. निखारे असलेली शेगडी दारं-खिडक्या लावून रात्री खोलीत ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. धूर दिसत नाही म्हणून धोका नाही, असं मुळीच नाही.

खरं काम आगोटीआधीचं आहे. लाकडं उन्हाळ्यात चिरूनच ठेवा. सालीतून पाणी फार हळू जातं, कापल्या तोंडातून आणि चिरल्या बाजूंनी लवकर. जमिनीवर न ठेवता चिऱ्यांवर रचा. वरून झाका, पण बाजू उघड्या राहू द्या. प्लास्टिकमध्ये चहूबाजूंनी गुंडाळलं तर आतल्या ओलीने बुरशी धरते. दोन लाकडं एकमेकांवर आपटून पाहा: सुकी टणटण वाजतात, ओली बद्द. बद्द वाजलेली उद्यासाठी चुलीजवळ हातभर अंतरावर उभी करून ठेवा.