जुन्या डेस्कटॉपवर व्हीआर: खर्च कुठे करायचा, आणि आधी काय तपासायचं

माझा डेस्कटॉप २०१९ साली लॅमिंग्टन रोडवर असेंबल करून घेतलेला. रायझन ५ २६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, ८ जीबीची एकच रॅम, जीटीएक्स १०५० टीआय ग्राफिक्स कार्ड आणि ४५० वॉटचा एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा). मे महिन्यात भाचा गोरेगावला राहायला आला तो क्वेस्ट २ घेऊनच, म्हणजे डोळ्यांवर चढवायचा व्हीआरचा (आभासी वास्तवाचा) हेडसेट. वायफायवरून कसाबसा जोडला. दहा मिनिटांत "मावशी, काढ हे" म्हणाला, दरदरून घाम, रात्री जेवलाही नाही. मला फार वाईट वाटलं, कारण दोष त्याच्या पोटाचा नव्हता, माझ्या मशीनचा होता.

मॉनिटरवर गेम अडखळला तर आपण वैतागतो. हेडसेटमध्ये अडखळला की मान वळते, चित्र मागे राहतं आणि मळमळायला लागतं. ९० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ९० चित्रं दाखवताना, प्रत्येक फ्रेम (एक चित्र) सुमारे ११ मिलिसेकंदांत तयार व्हावी लागते. म्हणून सरासरी एफपीएसवर (सेकंदाला किती फ्रेम) जाऊ नका, फ्रेम चुकतात का ते बघा. स्टीमव्हीआर या पीसीवर व्हीआर गेम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये फ्रेम टायमिंगचा आलेख मिळतो, त्यात सीपीयूचा (प्रोसेसर) आणि जीपीयूचा (ग्राफिक्स कार्ड) वेळ वेगळा दिसतो. खरेदीला निघण्याआधी तो बघाच. माझ्याकडे जीपीयू तर हद्दीबाहेर होताच, पण सीपीयूचेही मधूनच उंच सुळके येत होते.

कार्ड निवडताना एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. क्वेस्टला एचडीएमआयने चित्र जात नाही. कार्ड आधी त्याचा व्हिडिओ एन्कोड करतं (पाठवता येईल असा दाबून लहान करतं), मग तो यूएसबी किंवा वायफायने हेडसेटला पोचतो. त्यामुळे कार्डात हे काम करणारा एन्कोडर हवाच. आरएक्स ६५०० एक्सटी नवं आणि स्वस्त दिसतं, पण त्यात एन्कोडरच नाही. मी सेकंड हँड आरटीएक्स ३०६०, १२ जीबीवालं घेतलं. ग्रँट रोडला पूर्वेला उतरलं की लॅमिंग्टन रोड चालत जवळच आहे. घरून निघताना कॅबिनेटची आतली लांबी टेपने मोजून न्या, आणि कार्ड दुकानातच वीस मिनिटं लोडवर चालवून मागा. नाही म्हणाले तर पुढच्या दुकानात जा.

एसएमपीएसवर पैसे वाचवू नका. "४५० चालेल" असं मला एका दुकानात सांगितलं. घरी खेळ रंगात आला की मशीन धाडकन बंद. ३०६० साठी एनव्हिडियाच ५५० वॉट सांगते. मी ६५० वॉटचा ब्राँझ रेटिंगचा (वीज किती कमी वाया जाते त्याचा दर्जा) घेतला. कार्डाला आठ पिनांची वायर थेट एसएमपीएसमधूनच द्या, जोडतोडीचं कन्व्हर्टर नको.

आता प्रोसेसर. बोर्ड न बदलता २६०० च्या जागी रायझन ५ ५६०० बसतो, हे एएम४ सॉकेटचं (बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा) मोठं सुख. फक्त क्रम चुकवू नका. बोर्डाच्या कंपनीच्या साइटवर आपल्या मॉडेलच्या यादीत ५६०० कुठल्या बायोसपासून (बोर्डावरचं, मशीन सुरू करणारं सॉफ्टवेअर) चालतो ते पाहा आणि जुना प्रोसेसर जागेवर असतानाच बायोस अपडेट करा. आधी प्रोसेसर बदललात तर स्क्रीन काळीच राहील. अपडेट चालू असताना मध्येच वीज गेली तर बोर्ड हातचा जाऊ शकतो, म्हणून मी खालच्या मजल्यावरच्या काकांचा यूपीएस दोन तासांसाठी आणला.

कूलर काढण्याआधी मशीन पंधरा मिनिटं गेमवर तापवा, मग बंद करून प्लग काढा. त्याने कूलर आणि प्रोसेसरमधली थर्मल पेस्ट मऊ होते. स्क्रू काढल्यावर कूलर सरळ वर ओढू नका, डावी-उजवीकडे हळूहळू फिरवून सुटा करा. नाहीतर सुकलेली पेस्ट प्रोसेसरला सॉकेटमधून उपटून आणते, आणि एएम४ च्या पिना प्रोसेसरलाच असल्याने त्या वाकतात. माझे हात इथे खरंच थरथरत होते. दहा मिनिटं थांबले, चहा घेतला, मग पुन्हा बसले.

रॅम ८-८ च्या जोडीने घ्या. चार स्लॉट असतील तर प्रोसेसरकडून दुसऱ्या आणि चौथ्यात लावा आणि बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) चालू करा, नाहीतर ३२०० ची रॅम कमी वेगाने चालत राहते.

वायफायवर खेळणार असाल तर कॉम्प्युटर राउटरला लॅन केबलने जोडा, फक्त हेडसेट ५ गिगाहर्ट्झवर ठेवा आणि राउटर त्याच खोलीत आणा. आमच्या बिल्डिंगमध्ये शेजाऱ्यांची वीसेक नेटवर्क दिसतात. चॅनल बदलल्यावर चित्र फाटणं थांबलं.

उभं राहून फिरत खेळायला साधारण साडेसहा फूट लांब-रुंद मोकळी जागा लागते. आमच्या हॉलमध्ये दिवाण भिंतीला सरकवला की तेवढी होते. छताचा पंखा बंद करा, हात वर जातोच. उकाडा सोसवत नसेल तर टेबल फॅन लावा. आणि हेडसेट खिडकीत ठेवू नका: भिंगांतून ऊन आत गेलं तर डिस्प्लेवर कायमचा डाग पडतो. आमची खिडकी पश्चिमेची, म्हणून दुपारी तीननंतर हेडसेट कपाटात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत असतो.