लक्षणा कधी घ्यायची? मीमांसा शिकायला येणाऱ्यांसाठी

एम.ए. संस्कृतला मीमांसा, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावण्याचं शास्त्र, घेतलीत की 'आदित्यो यूपः' हे वाक्य लवकरच भेटेल. यूप म्हणजे यज्ञात पशू बांधायचा लाकडी खांब. तो सूर्य कसा? मी शिकवते त्या वर्गात दोन उत्तरं हमखास येतात: 'वेदात आहे, म्हणजे तसंच' किंवा 'हे सगळं प्रतीकात्मक असतं'. दोन्ही घाईची आहेत. मीमांसक आधी खांबाकडे बघतो. त्याला तूप माखलेलं असतं, तो चकाकतो. या तेजाच्या साम्यावरून त्याची आदित्य म्हणून स्तुती केली. हा अर्थवाद, म्हणजे स्तुतीपर वाक्य; त्यातला गुणवाद, म्हणजे गुणाच्या साम्यावरून केलेली स्तुती. समोर खांब दिसतोय, शब्दशः अर्थाला बाध येतोय, म्हणजे तो जुळत नाही, म्हणूनच गौण अर्थ घेतला.

ही शिस्त मला फार मोलाची वाटते. मुख्यार्थाला बाध हवा, नव्या अर्थाचा त्याच्याशी संबंध हवा, शिवाय रूढी किंवा प्रयोजन हवं, तरच लक्षणा, म्हणजे शब्दशः सोडून दुसरा अर्थ घेणं. 'मला हे पटत नाही' हा बाध नव्हे. विधिवाक्यात, म्हणजे 'अमुक करा' सांगणाऱ्या वाक्यात, तर लक्षणा होता होईल तो टाळतात, कारण तिथे अर्थ सैल झाला तर कर्मच बदलतं.

सुरुवात लौगाक्षी भास्करांच्या 'अर्थसंग्रहा'ने करा. ग्रंथ छोटा आहे, पण शास्त्रीबुवांसमोर बसून पंक्ती लावून घ्या, म्हणजे ओळीन् ओळ समजून घ्या. संज्ञा अडली की केवलानंद सरस्वतींचा 'मीमांसाकोश' उघडा. वाईच्या प्राज्ञपाठशाळेने त्याचे 7 खंड काढले आहेत.

मग गीतेकडे वळा. टिळकांनी 'गीतारहस्या'त (1915) मीमांसकांचीच तात्पर्यनिर्णयाची कसोटी लावली: उपक्रम (आरंभ), उपसंहार (शेवट), अभ्यास (पुनरुक्ती), अपूर्वता (नवेपणा), फल, अर्थवाद, उपपत्ती (युक्तिवाद). आरंभी अर्जुन 'लढणार नाही' म्हणतो, शेवटी 'करिष्ये वचनं तव' (तू सांगतोस तसं करीन) म्हणतो. म्हणून तात्पर्य कर्मयोग. गांधीजींनी कुरुक्षेत्र माणसाच्या हृदयात मानलं. हे नुसतं रूपक म्हणून झटकू नका. दुसऱ्या अध्यायातल्या स्थितप्रज्ञाची लक्षणं प्रत्यक्ष युद्धाशी जुळत नाहीत, असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणजे त्यांनीही बाधच दाखवला. मला टिळकांची बाजू जड वाटते, कारण 'तस्माद्युध्यस्व भारत' (म्हणून अर्जुना, लढ) हे दुसऱ्याच अध्यायात, थेट आज्ञार्थात आलं आहे. तुम्हाला उलट वाटलं तर तोंडी परीक्षेत तसंच सांगा, फक्त बाध कुठे येतो ते श्लोकावर बोट ठेवून दाखवा.