पुस्तक वाचलं, सिनेमा पाहिला, तरी तुलना फसली? या चुका टाळा

शाळेत 'पुस्तक आणि पडदा' असा प्रकल्प दिला की बेळगाव-खानापूरकडच्या वह्या एकाच साच्यातून निघाल्यासारख्या येतात. डावीकडे 'पुस्तकात', उजवीकडे 'सिनेमात', तळाला 'पुस्तकच चांगलं'. ते तळाचं वाक्य आधी खोडा.

सगळ्यात महागात पडणारी चूक फास्टर फेणेच्या बाबतीत होते. भा. रा. भागवतांची ही 20 पुस्तकांची मालिका. आदित्य सरपोतदार यांचा 2017चा सिनेमा त्यातल्या कुठल्याच एका पुस्तकावरचा नाही. पात्र घेतलं आणि गोष्ट नवी लिहिली. हे न तपासता खानापूर तालुक्यातला एक गट सिनेमातला मेडिकल प्रवेशपरीक्षेचा घोटाळा कुठल्या पुस्तकात आहे ते शोधत बसला. वाचनालयातून एकामागून एक नऊ पुस्तकं नेली, तीन आठवडे गेले, आणि शेवटी "सर, सापडंना झालंय". सापडणार कुठून? पुस्तकातला बन्या, म्हणजे फास्टर फेणे, शाळकरी पोरगा आहे, सिनेमात अमेय वाघने केलेला बनेश मेडिकलच्या परीक्षेला पुण्यात आलेला तरुण. मलपृष्ठ आणि सिनेमाची श्रेयनामावली दहा मिनिटं वाचली असती तर तीन आठवडे वाचले असते. पण दहा मिनिटं थांबायची तयारी कुणाची आहे?

अशा वेळी कथानक सोडा, पात्र धरा. वीसच्या वीस पुस्तकं नकोत, तीन पुरे. प्रत्येकातला बन्या अडकतो तो एकच प्रसंग घ्या आणि चार गोष्टी लिहा: पान क्रमांक, धोका त्याला कशावरून कळला, मदत कुणाची झाली, सुटला कसा. मग सिनेमातल्या दोन प्रसंगांना हेच प्रश्न विचारा, फक्त पानाऐवजी मिनिट लिहा. त्याचा 'ट्टॉक्' हा उद्गार नेमका कधी येतो तेही टिपा. कागदावर त्या दोन अक्षरांनाच सगळं काम करावं लागतं, पडद्यावर नटाचा चेहरा निम्मं उचलतो. आणि सिनेमात खुद्द भा. रा. हे एक पात्र आहे, दिलीप प्रभावळकरांनी केलेलं. यावर चार ओळी लिहिणारी वही क्वचितच दिसते.

दुसरी आवडती चूक म्हणजे गाळलेल्या गोष्टींची यादी. इथे हॅरी पॉटर हटकून येतो. 7 पुस्तकं, 8 सिनेमे, आणि 'पीव्हज भूत सिनेमात नाही' हे वाक्य. नाही तर नाही, पुढे काय? गाळलेल्या पात्राचं काम कुणाकडे गेलं ते बघा. चौथ्या पुस्तकात पाण्याखाली श्वास घेता येईल अशी वनस्पती हॅरीला डॉबी नावाचा जादुई सेवक आणून देतो. चौथ्या सिनेमात डॉबीच नाही, म्हणून ते काम हॅरीचा वर्गमित्र नेव्हिल याच्याकडे गेलं. नेव्हिलला वनस्पतींची आवड पुस्तकातही आहे, त्यामुळे बदल खटकत नाही. असे तीन बदल नीट सोडवले की यादीची गरज उरत नाही. जाडीचंही तेच. मूळ इंग्रजी आवृत्तीत 766 पानांचं पाचवं पुस्तक सगळ्यात जाड, सिनेमा मात्र 138 मिनिटांचा. काटछाट होणारच, कुठल्या धाग्यावर झाली ते सांगा.

बाकीच्या चुका किरकोळ, पण गुण खातात. 'फास्टर फेणे 2017 साली पहिल्यांदा पडद्यावर आला' असं लिहू नका; त्याआधी 1980च्या दशकात दूरदर्शनवर सुमीत राघवन हा फास्टर फेणे होता. मालगुडी म्हणजे कर्नाटकातलं आगुंबे नव्हे; शंकर नाग यांनी 'मालगुडी डेज' मालिकेचं चित्रीकरण तिथे केलं, गाव आर. के. नारायण यांच्या कल्पनेतलं. यूट्यूबवरचा दहा मिनिटांचा सारांश पाहून लिहिलेलं दुसऱ्याच परिच्छेदात ओळखू येतं, कारण त्यात एकही पान क्रमांक नसतो. आणि पुस्तक मराठी अनुवादात, सिनेमा हिंदी डबिंगमध्ये असेल तर संवादांची तुलना करूच नका. ती दोन अनुवादकांची तुलना होते.