काता वर्षानुवर्षे लक्षात राहावा यासाठी सराव कसा करावा

कराटे सोडून बरीच वर्षे झालेल्या माणसाला ठोसा मारायला सांगितले, तर तो आजही बऱ्यापैकी नीट मारतो. पण पहिल्या परीक्षेसाठी घोकलेला हेइआन शोदान हा काता, म्हणजे ठरावीक क्रमाने करायच्या हालचालींची मालिका, करायला सांगितले, तर तो तिसऱ्या-चौथ्या वळणावर थबकतो. मुरलेली हालचाल शरीर दीर्घकाळ टिकवून धरते, मात्र ठरावीक क्रमाने करायच्या कृतींचा क्रम सराव थांबताच पुसट होऊ लागतो. म्हणून तंत्राचा सराव आणि क्रमाचा सराव या दोन वेगळ्या गोष्टी मानाव्यात. क्लासमध्ये पहिल्याकडे पुरेसे लक्ष दिले जाते. दुसऱ्याची जबाबदारी विद्यार्थ्याने स्वतः उचलावी लागते.

सेन्सेई (शिक्षक) मोजत असताना, पुढच्या रांगेतील मुलांकडे पाहत केलेला काता आपल्याला येतो असे वाटते खरे, पण त्या वेळी आठवण्याचे काम पुढचा विद्यार्थी करत असतो. त्यामुळे नवा काता शिकल्यावर दुसऱ्याच दिवशी तो एकट्याने, मोजणीशिवाय आणि व्हिडिओ न पाहता करून पाहावा. मध्येच अडलो, तर लगेच मोबाइल उघडू नये. अर्धा मिनिट उभे राहून आठवण्याचा प्रयत्न करावा, चुकीचा का होईना पण काहीतरी अंदाज बांधावा आणि मगच खात्री करून घ्यावी. हा अडखळण्याचा क्षण वाया गेला असे अनेकांना वाटते. माझ्या मते त्या दिवसाच्या सरावातील सर्वांत मोलाचा भाग तोच असतो.

यानंतर अंतर वाढवत जावे: तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने, पंधरवड्याने आणि महिन्याने. एखाद्या खेपेस काता विसरला, तर पुढचे अंतर कमी करावे. परीक्षेच्या आधीच्या रविवारी सलग तीन तास घोकण्यापेक्षा तेच तीन तास कित्येक दिवसांत विभागणे केव्हाही चांगले. ब्रिटनमधील टपाल कर्मचाऱ्यांना टंकन शिकवताना 1978 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हेच दिसले होते. दिवसाला एकच तास शिकणाऱ्यांना तेवढेच कौशल्य मिळवायला एकूण तास सर्वांत कमी लागले, पण आपल्या वेळापत्रकावर सर्वांत नाराज तेच होते, कारण दिवसांच्या हिशोबाने ते मागे पडल्यासारखे भासत होते. विभागलेला सराव करताना प्रगती मंद वाटते, हे आधीच ठाऊक असलेले बरे.

खरी गल्लत होते ती काता एकमेकांत मिसळल्यामुळे. शोतोकान शैलीतील पाच हेइआन काता म्हणजे मूळचे पिनान. कराटेचे शिक्षक इतोसू आंको यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी ओकिनावातील शाळकरी मुलांना डोळ्यांसमोर ठेवून ते रचले आणि पुढे फुनाकोशी गिचिन यांनी त्यांना हेइआन हे नाव दिले. त्यांत अनेक तुकडे पुन्हा पुन्हा येतात. हेइआन निदान आणि हेइआन योनदान यांचा आरंभ तर इतका सारखा आहे की योनदान सुरू केलेला विद्यार्थी नकळत निदानमध्ये शिरतो. अशी जोडी वेगवेगळ्या दिवशी करू नये. दोन्ही काता लागोपाठ करून फरक मुद्दाम न्याहाळावा. निदानमध्ये मुठी मिटलेल्या असतात आणि हालचाल झटक्यात होते, तर योनदानमध्ये तळहात उघडे असतात आणि हात सावकाश वर येतात. हे पक्के झाल्यावर पाचही कातांची नावे चिठ्ठ्यांवर लिहून, जी चिठ्ठी निघेल तो काता करावा. एकच काता दहा वेळा केल्याने त्या संध्याकाळी तो सफाईदार होतो, पण उलटसुलट क्रमाने केलेला अधिक काळ टिकतो.

प्रत्येक वेळी पहिल्या हालचालीपासूनच सुरुवात केली, तर सुरुवात घट्ट होते आणि शेवट कच्चा राहतो. हेइआन शोदानच्या 21 हालचालींपैकी शेवटच्या चार म्हणजे कोकुत्सु-दाचीतील (वजन मागच्या पायावर ठेवून उभे राहून केलेले) शुतो-उके, म्हणजे उघड्या हाताच्या कडेने केलेला बचाव. अनेकजण कोन चुकतात ते इथेच. अधूनमधून केवळ या चार कराव्यात, मग त्यांच्या आधीचे तीन ठोसे जोडावेत आणि असे मागे सरकत जावे. दिशाही बदलावी. ज्याला हॉलचा दरवाजा पाहून वळण्याची सवय लागली आहे, तो स्पर्धेच्या मॅटवर गोंधळतो. त्यामुळे गच्चीवर, अंगणात, वेगळ्या दिशेला तोंड करून काता करून पाहावा.

नुसत्या क्रमापेक्षा अर्थ लवकर रुजतो, म्हणून बुन्काई, म्हणजे कातातील हालचालींचा प्रत्यक्ष उपयोग समजून घेणे, काळा पट्टा मिळेपर्यंत लांबणीवर टाकू नये. हेइआन शोदानच्या चौथ्या हालचालीत हात मागे खेचून वरून मूठ आपटली जाते. जोडीदाराला मनगट धरायला सांगून ती पकड एकदा सोडवून पाहिली, की ती हालचाल सहसा गळत नाही.

सराव दीर्घकाळ बंद पडला असेल, तर परतल्यावर प्रथम काहीही न पाहता जेवढे आठवेल तेवढे करावे आणि कुठे अडलो ते वहीत नोंदवावे. नंतर फक्त तेवढाच भाग सेन्सेईंकडून दुरुस्त करून घ्यावा आणि दुसऱ्या दिवशी वही न उघडता पुन्हा करून पाहावा.