तुरुंगाच्या भेटीला जाताना

अशासकीय अभ्यागत (तुरुंगाची पाहणी करायला नेमलेला बाहेरचा नागरिक) म्हणून पहिल्यांदा गेलो तेव्हा अधीक्षकांच्या खोलीत चहा पिण्यातच तासभर गेला. आता चहा शेवटी.

आधी गिनतीचा फळा बघा: मंजूर क्षमता किती, आज बंदी किती. मग बराकीत जा. आदर्श कारागृह नियमावली २०१६ नुसार झोपायला माणशी किमान ३.७१ चौरस मीटर जागा आणि दहा जणांमागे एक संडास हवा. मी पावलांनी लांबी-रुंदी मोजतो आणि संडास स्वतः मोजतो. त्यातले चालू किती, हे नळ सोडून बघायचं. “रात्री कुशीवर वळता येतं का?” हा प्रश्न हमखास विचारा. बोलताना शिपाई दूर हवा, आणि कोण काय बोललं ते नावानिशी लिहू नका. नंतर त्रास त्यालाच होतो.

न्यायाधीन (खटला अजून निकाली न निघालेल्या) बंद्यांची यादी मागाच. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे आधी कधीच दोषी न ठरलेल्या अशा बंद्याला कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळानंतर बंधपत्रावर (बाँडवर) सोडायचं असतं (फाशी-जन्मठेपेचे गुन्हे वगळून). अशी नावं विधी सेवा प्राधिकरणाकडे (मोफत कायदेशीर मदत देणारी सरकारी यंत्रणा) पाठवा.

शेरा अभ्यागत नोंदवहीत तिथेच लिहा. “व्यवस्था समाधानकारक” नको. “४ पैकी २ संडास बंद” असं लिहा.