आर१५ ते आर१: यामाहाच्या स्पोर्ट बाइकची तुलना करताना या चुका टाळा

यामाहाच्या आर मालिकेत लहानापासून मोठीपर्यंत आर१५, आर३, आर७, आर९ आणि आर१ अशी नावं येतात. परदेशात आर१२५ आणि आर२५ ही भावंडंही आहेत. ओळीने लावली की हा सरळ जिना वाटतो: एक पायरी चढलं की तीच गाडी, फक्त जोर जास्त. प्रत्यक्षात प्रत्येक पायरी वेगळ्या कारागिराने बांधल्यासारखी आहे. आर१५ एका सिलिंडरची, आर३ दोन, आर७ही दोनच पण वेगळ्या क्रँकची (पिस्टनच्या जोराने फिरणारा दांडा), आर९ तीन आणि आर१ चार सिलिंडरची. तुलना फसते ती बहुतेक वेळा इथेच.

नावातल्या आकड्यावर भरवसा

आर१५ म्हणजे १५० नव्हे, १५५ सीसी (२००८ मध्ये आली तेव्हा ती खरंच १५०च्या वर्गातली होती). आर३ ३२१ सीसी, आर७ ६८९, आर९ ८९० आणि आर१ ९९८. इथपर्यंत ठीक आहे. गोंधळ सुरू होतो आर६ (याच मालिकेतली जुनी गाडी) आणि आर७ शेजारी ठेवल्यावर. सात सहापेक्षा मोठा, म्हणजे आर७ जास्त ताकदीची, असं धरून जुनी आर६ विकून आर७ घ्यायची स्वप्नं बघणारे भेटतात.

आकडे बघा. २०१७ नंतरची आर६ ५९९ सीसीची, चार सिलिंडरची. ताकद ११८ पीएसच्या (मेट्रिक अश्वशक्ती) आसपास, पण १४,५०० आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे). आर७ची ताकद ७३.४ पीएस, ८,७५० आरपीएमला. नुसती ताकद बघितली तर आर६ कितीतरी पुढे. आता टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, बघा: आर६ ६१.७ न्यूटन-मीटर, तेही १०,५०० आरपीएमला. आर७ ६७ न्यूटन-मीटर आणि ६,५०० आरपीएमलाच. म्हणजे रोज ज्या पट्ट्यात इंजिन फिरतं तिथे आर७ जास्त ओढते, आणि ट्रॅकवर लाल पट्टीपर्यंत पिळायची असेल तर आर६ तिला मागे टाकते. एक दुसरीची मोठी बहीण नाहीच. आर६ची खरी वारसदार शोधायची तर ती आर९: ११९ पीएस, म्हणजे जवळपास तेवढीच ताकद, पण १०,००० आरपीएमला, आणि टॉर्क ९३ न्यूटन-मीटर.

नावाचा आणखी एक सापळा आहे. १९९९ मध्ये आर७ नावाचीच एक वेगळी गाडी आली होती: ७४९ सीसी, चार सिलिंडर, सुपरबाइक शर्यतींच्या नियमांसाठी जेमतेम ५०० नग बनवलेली. २०२१ची आर७ यामाहाच्याच एमटी-०७ या गाडीच्या इंजिनावर उभी आहे. जुन्या आर७ची वर्णनं वाचून नवीवर मत बनवणं म्हणजे भलत्याच गाडीचा निकाल लावणं.

फक्त सर्वोच्च ताकद बघणं

ताकद म्हणजे टॉर्क आणि फेरे यांचा गुणाकार. ती कुठल्या आरपीएमला मिळते हे विचारलं नाही तर आकडा अर्धवट राहतो. याचं उत्तम उदाहरण भारतातल्या मालिकेतली सर्वांत छोटी गाडी. आर१५मध्ये ७,४०० आरपीएमला कॅमचं (इंजिनाच्या झडपा उघडणारा भाग) दुसरं प्रोफाइल कामाला लागतं, त्यालाच व्हीव्हीए म्हणतात. कंपनीने सांगितलेली १८.४ पीएस ताकद १०,००० आरपीएमला आहे. शोरूमच्या मागच्या गल्लीत एक फेरी मारून, पाच हजारांवर गिअर बदलत ‘हिला दमच नाही’ म्हणणारे त्या कॅमपर्यंत पोचलेलेच नसतात. चाचणीत मोकळा रस्ता मिळाला तर तिसऱ्या गिअरमध्ये एकदा नऊ हजारांपर्यंत जाऊन बघा, मग बोला.

उलट बाजूही आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकींना बंदी आहे. जुन्या हमरस्त्याने किंवा ताम्हिणीतून जाणाऱ्याला १३,५०० आरपीएमला मिळणारे आर१चे २०० पीएस वापरायला जागाच मिळत नाही.

वजनातून स्वतःला वगळणं

ताकद भागिले वजन हा हिशोब सगळे करतात, पण गाडीवर बसणाऱ्याचं वजन विसरतात. आर१५ १४१ किलो, आर३ १६९, आर७ १८८, आर१ २०१ किलो. नुसत्या गाड्या घेतल्या तर दर किलोमागे आर१ला आर१५च्या साधारण साडेसात पट ताकद मिळते. आता ७५ किलोचा चालक धरा: हीच पट साडेआठच्या जवळ जाते. कारण आर१५वर एकूण वजनाचा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग तुमचाच असतो, आर१वर चौथ्या हिश्श्याहून थोडा वर. छोट्या गाडीला चालकाचं वजन जास्त जाचतं. मागे कोणी बसणार असेल तर फरक आणखी वाढतो. सहचारिणीला रोज मागे नेणाऱ्याने आर१५ आणि आर३ची तुलना एकट्याने चालवून करू नये.

आकडे जुळत नसतील तर

एकाच गाडीचे दोन ठिकाणी दोन आकडे दिसतात आणि माणूस हवालदिल होतो. कारणं बहुतेक वेळा चारच असतात.

एकक वेगळं असतं. एक किलोवॉट म्हणजे १.३६ पीएस, आणि ब्रिटिश-अमेरिकन अश्वशक्ती पीएसपेक्षा किंचित मोठी, त्यामुळे आर९ कुठे ११९ तर कुठे ११७ दिसते. गाडी तीच. दुसरं, वजन कोरडं की भरलेलं ते पाहा. पेट्रोल लिटरला पाऊण किलोच्या आसपास भरतं. आर१च्या १७ लिटरच्या टाकीतच बारा-तेरा किलो फरक पडतो, तेल आणि बॅटरी वेगळी. जुन्या जाहिरातींत कोरडं वजन छापायची रीत होती.

तिसरं कारण देश. युरोपात ए२ परवान्याला ३५ किलोवॉटची मर्यादा आहे, म्हणून तिथे आर७ ३५ किलोवॉटच्या आवृत्तीतही विकली जाते. ‘आर७ फक्त ४८ पीएस’ असं वाचून आर३शी तिची तुलना करू नका. तो आवळलेल्या गाडीचा आकडा आहे. आर१२५सुद्धा याच नियमांचं लेकरू, तिथे ए१ परवान्याला ११ किलोवॉट चालतात. जपानात २५० सीसीपर्यंतच्या गाड्यांना ठरावीक मुदतीची सक्तीची तपासणी नसते, म्हणून तिथे आर२५ला मान. मालिकेतल्या बऱ्याच पायऱ्या अशा कायद्यांनी ठरवलेल्या आहेत.

आणि चौथं, मॉडेलचं वर्ष. २०२१च्या आर७मध्ये ट्रॅक्शन कंट्रोल (मागचं चाक घसरू न देणारी यंत्रणा) नव्हतं, २०२६च्या मॉडेलला ते मिळालं. आर१ही युरोपात २०२५पासून रस्त्यासाठी विकली जात नाही, तिथे फक्त ट्रॅकची आवृत्ती आहे. अमेरिकेत आणि जपानात रस्त्याची मिळते. वर्ष आणि देश लिहिल्याशिवाय कुठलाही आकडा वहीत उतरवू नका.

वेगाबद्दल थोडंसं. काट्यावरचा वेग हा पुरावा नाही. युरोपसह अनेक देश पाळत असलेल्या नियमानुसार स्पीडोमीटर कमी वेग दाखवू शकत नाही, पण दहा टक्के आणि वर ताशी चार किलोमीटरपर्यंत जास्त दाखवला तर चालतो. मित्राच्या मोबाइलमधला व्हिडिओ बघून गाडी ठरवू नये.

मोठी गाडी म्हणजे सगळंच वरचं, असं धरणं

ही चूक मला सर्वांत जास्त खटकते, कारण पैसे इथेच वाया जातात. आर१५ला डेल्टाबॉक्स ही यामाहाची खास चौकट आणि ॲल्युमिनिअमचा स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा) आहे. तिच्याहून कितीतरी महाग आर३ साध्या पोलादी नळ्यांच्या चौकटीवर उभी आहे. आर१५ला ट्रॅक्शन कंट्रोल मिळतं, आर३ला नाही. मागचं टायर दोघींचंही १४० रुंदीचं. मग आर३ कशासाठी? दोन सिलिंडरच्या इंजिनासाठी: ४२ पीएस, आणि महामार्गावर तास-तासभर न धापता चालणं. ते हवं असेल तर पैसे वसूल, नुसती ‘वरची’ हवी म्हणून घेतलीत तर छोट्या गाडीतल्या सोयी आठवत राहतील.

सीटची उंचीही क्रमाने वाढत नाही. आर१५ ८१५ मिलिमीटर, आर३ ७८०! बुटक्या चालकाला मोठी गाडीच सोपी पडावी, अशी गंमत. त्यानंतर आर७ ८३५ आणि आर१ ८५५च्या घरात.

खर्चाची रेघ चुकीच्या जागी ओढणं

भारतात शोरूममध्ये सहज मिळतात त्या आर१५ आणि आर३, आणि कराच्या दृष्टीने त्या दोघी एकाच बाजूला आहेत. २२ सप्टेंबर २०२५पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींना १८ टक्के जीएसटी आहे, त्याहून मोठ्यांना ४० टक्के. ३२१ सीसीची आर३ रेघेच्या आत बसते.

विम्याचा हिशोब मात्र आर१५वाल्यांना चकवतो. नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. २०२२च्या दरांनुसार १५० सीसीपर्यंत (७५च्या वर) त्याचे ३,८५१ रुपये होतात, १५० ते ३५० सीसीला ७,३६५ आणि त्यापुढे १५,११७, वर जीएसटी निराळा. १५५ सीसीमुळे आर१५ आर३च्याच गटात जाते, तर त्याच कंपनीची १४९ सीसीची एफझेड खालच्या गटात. पाच सीसीची किंमत साडेतीन हजार. फार नाही, पण कोटेशनमध्ये आकडा बघून डीलरशी भांडायला जाऊ नका, तो बरोबर आहे.

मोठ्या गाड्यांत टायरचा खर्च लोक धरतच नाहीत. आर७ आणि आर९ला मागे १८० रुंदीचं, आर१ला १९०चं रेडियल लागतं. जुनी आयात केलेली आर१ किंवा आर६ स्वस्तात दिसली की आधी टायरच्या भिंतीवरचा चार अंकी शिक्का वाचा: पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. ०८१८ असेल तर ते २०१८चं टायर आहे आणि बदलायचा खर्च किमतीत धरायला हवा. मग आरसी बुकवरचे चासी आणि इंजिन क्रमांक स्वतः बघा आणि आयातीची कागदपत्रं मागा. विक्रेता ‘नंतर देतो’ म्हणाला तर तिथूनच परत फिरा.

उभ्या गाडीवर बसून बसणीचा निर्णय

शोरूममध्ये स्टँडवर उभ्या आर१५ आणि आर३वर बसलं तर दोन्ही सारख्याच वाटतात. फरक चालताना कळतो: आर३ची हँडलं तुलनेने उंच आहेत, आर१५ जास्त पुढे झुकवते, आणि आर७ त्याहूनही. संध्याकाळच्या गर्दीत किमान वीस मिनिटं चालवा, सिग्नलला थांबून मनगटांवर किती भार येतो ते बघा, आणि गाडीचं तोंड उताराकडे असेल अशा जागेतून ती पायांनी मागे ढकलून काढा. रोज पार्किंगमध्ये हेच करायचं असतं, आणि विक्रेता ते कधी करून दाखवत नाही.